ढोल आत, बाळासो बाहेर

शनिवारी दुपारी साडेचार वाजता इस्लामपुरातल्या एका शाळेच्या फाटकातून ढोल आत गेला आणि तो खांद्यावर घेऊन आलेला बाळासो बाहेर राहिला.

ढोल त्याच्या घरचा. जत तालुक्यातल्या त्याच्या गावात यात्रेला तोच वाजायचा. पोरगी राणी इथं वसतिगृहात राहून दहावीत शिकत होती, आणि शाळेच्या शेवटच्या स्नेहसंमेलनात तिनं वर्गातल्या पोरींना गोळा करून धनगरांचा गजी नाच बसवला होता. बाप बघायला येणार, हे तिनं चार मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. बापानंही मेंढरांचा कळप बायकोच्या भरवशावर सोडला होता, एवढ्यासाठीच.

"पाव्हणं, तिकीट?" फाटकावरचा शिपाई जोतीराम म्हणाला.

बाळासोनं पन्नासाची नोट पुढं केली.

"रोख न्हाई चालत. मोबाईलवर काढावं लागतंय."

"आन् ढोल कसा गेला?"

"वस्तूला तिकीट न्हाई."

"मग मला बी ढोलात घालून न्या की."

जोतीराम हसला, पण फाटकाची कडी त्यानं सोडली नाही. वर कॅमेरा होता आणि संस्थेचे सचिव तो घरबसल्या बघत, हे सगळ्या शिपायांना ठाऊक होतं.

बाळासो तसा भांडखोर नव्हता. पण आज त्याच्या बाजूनं कायदा आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. कृष्णाकाठच्या ज्या बागायतदाराच्या रानात त्याची मेंढरं खतासाठी बसली होती, त्यानं आठवड्यापूर्वीच पेपर वाचून दाखवला होता: शाळांच्या कार्यक्रमांना प्रवेशासाठी रोख पैसे नाकारता येणार नाहीत. "आता कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाई," असंही तो वर म्हणाला होता.

"बोलवा तुमच्या म्याडमला," बाळासो म्हणाला. "सरकारनं कायदा केलाय."

अंकिता मॅडम आल्या. राणीच्या वर्गशिक्षिका त्याच, आणि तिकिटांचं कामही त्यांच्याच गळ्यात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कायदा झालेला नाही, बाळासो. विधेयक विधानसभेत मंजूर झालंय. विधान परिषदेत व्हायचंय. मग राज्यपालांची सही, मग नियम. तोवर आम्हाला संस्थेचं परिपत्रक: तिकीट मोबाईलवरच."

"पेपरात आलंय."

"पेपरात 'मंजूर' एवढंच ठळक असतं. खालचं कोण वाचतंय?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "गेल्या साली रोखीच्या हिशेबात घोळ झाला. तीन महिने आम्ही चौघीजणी खुलासे लिहीत होतो. मी नोट घेतली तर उद्या मला नोटीस."

"मग मी काय करू? भिंतीवर चढू?"

मॅडमनी एक वाट काढली. तिकीट जोतीरामच्या मोबाईलवरून काढायचं, नोट जोतीरामनं ठेवून घ्यायची. अडचण एकच होती. तिकीट पालकाच्या नोंदवलेल्या नंबरावरच निघायचं आणि आधी त्या नंबरावर ओटीपी जायचा. राणीच्या नावापुढं नोंदवलेला नंबर घरातल्या एकुलत्या एका मोबाईलचा होता, आणि तो मोबाईल मेंढरांमागं होता. लांडगा आला, मेंढरू व्यायला आडलं, तर हाक मारायला तो तिथंच लागतो.

ओटीपी गेला. जोतीरामच्या फोनवरून बाळासोनं बायकोला, शालूबाईला फोन लावला. पलीकडं मेंढरांचा गलका.

"आगं, मोबाईलवर आकडा आलाय बघ. सा आकडी. वाच."

"कोन बोलतंय?"

"आगं मी!"

"मी म्हंजे कोन?"

"मी बाळासो! तुझा नवरा!"

"नवऱ्याकडं मोबाईल न्हाई. ह्यो तर माझ्याकडं हाय." आणि शालूबाईनं फोन ठेवला.

तिचं चूक होतं असं नाही. तिच्या भावाला, नानासोला, गेल्या वर्षी असाच गोड आवाज आला होता, आकडा सांगितला आणि बोकडं विकून आलेला पैसा दोन मिनिटांत गेला. त्यानंतर बँकेतल्या बाईनं वस्तीवरच्या सगळ्या बायकांना शपथ घातली होती: सख्ख्या नवऱ्यानं विचारला तरी आकडा सांगायचा नाही.

दुसरा ओटीपी. दुसरा फोन.

"ठेवू नगंस! मीच हाय!"

"मग सांगा, माझ्या थोरल्या भावाला लगनात काय मानपान दिला?"

"कायबी न्हाई! आन् ते त्यो अजून बोलून दावतोय, मुडदा!"



"आवं, मग आधी सांगायचं की," शालूबाई म्हणाली. "थांबा, वाचते. चार... सात... हे शेवटचं काय, सा का नऊ? हट, हट! बोकूड अंगावर येतंय बघा..."

आकडा पुरा झाला तेव्हा त्याची मुदत संपली होती. तिसऱ्या वेळी शालूबाईनं चुकून मागचाच आकडा वाचला. जोतीरामच्या मोबाईलवर लाल अक्षरं उमटली: या नंबरावरून उद्या पुन्हा प्रयत्न करावा.

"उद्या काय हाय?" बाळासोनं विचारलं.

"उद्या आयतवार," जोतीराम म्हणाला.

आत माईकवर सृष्टी नावाच्या मुलीनं गजी नाचाची घोषणा केली. पहिल्याच थापेला बाळासोच्या कपाळावर आठी पडली. ढोलाची दोरी सैल होती. वाजवणारं पोरगं लयीच्या पुढं पळत होतं. पायांची घुंगरं मागं पडत होती, पुन्हा गाठत होती, पुन्हा मागं.

"दोरी आवळा म्हणावं! जा की रं, सांग जा!"

"मला फाटक सोडता येत न्हाई, गड्या."

बाळासोनं फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले. मंडपाच्या कनातीमुळं समोर काहीच दिसत नव्हतं. शेवटी शेवटी टाळ्या जोरात पडल्या. कशासाठी पडल्या, ते त्याला कळलं नाही.

नाच संपल्यावर राणी फेटा बांधलेली तशीच धावत फाटकापाशी आली.

"आबा, कुठं बसला हुता? मी लय बघितलं."

"हितंच हुतो."

"दिसलं न्हवं सगळं?"

"ढोल सैल हुता," तो म्हणाला.

ती समजली. ती अंकिता मॅडमकडं वळून बघू लागली, तसा तो घाईनं म्हणाला, "म्याडमला कायबी बोलायचं न्हाई. त्यांच्या हातात नव्हतं."

"मग कुणाच्या हातात हुतं?"

रानात परतल्यावर बाळासोनं तोच प्रश्न बागायतदाराला विचारला. त्यानं मोबाईलवर बराच वेळ शोधलं. विधान परिषदेत विधेयकावर चर्चा झाली, दोन्ही बाजूंनी भाषणं झाली आणि ते संयुक्त समितीकडं गेलं, असं निघालं.

त्यानंतर बाळासो दर आठवड्याला विचारत राहिला. फेब्रुवारीअखेर समितीची एक बैठक झाली. अहवालासाठी तिला पावसाळी अधिवेशनापर्यंत मुदतवाढ मिळाली आहे. दहावीचा निरोप समारंभ परीक्षेनंतरच्या शुक्रवारी आहे, आणि त्याच्या तिकिटांचा संदेश काल शालूबाईच्या मोबाईलवर आला.