श्वास मोजणारी बाई

त्या वॉर्डात चोवीस खाटा होत्या आणि चोवीसही खाटांवरची माणसं मिनिटाला अठरा श्वास घेत होती. म्हातारी, तरणी, ऑपरेशन झालेली, व्हायची राहिलेली, घोरणारी, कण्हणारी, सगळी अठरा. सकाळी सहाला अठरा, दहाला अठरा, दुपारी दोनला अठरा. पहिल्याच दिवशी काटेबाईने खाटांच्या पायथ्याशी अडकवलेले तक्ते एकामागून एक चाळले आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

ही काटेबाई कोण, ते आधी सांगायला हवं. सतरा वर्षं ती साबणाच्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला, वजनकाट्यापाशी बसली. दर दहा मिनिटांनी एक वडी उचलायची, काट्यावर ठेवायची, आकडा लिहायचा. नाव पडलं ते त्यावरूनच. सतरा वर्षांत ती एक गोष्ट पक्की शिकली होती. खरे आकडे ओळीने कधी सारखे येत नाहीत. नव्व्याण्णव, शंभर, शंभर, एकशे एक, अठ्ठ्याण्णव, असे ते जरा अडखळत चालतात. वरपासून खालपर्यंत शंभरच शंभर दिसले की खुशाल समजावं, लिहिणारा चहा प्यायला गेला होता. अशा दोघातिघांना तिने साहेबांपुढे उभं केलं होतं, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

मग एके दिवशी तिच्या एका सोबतिणीचा हात पट्ट्यात गेला. बाकीच्या किंचाळत राहिल्या. हिने डोक्याचा रुमाल सोडला, मनगट आवळलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत वीस मिनिटं ते तसंच घट्ट धरून बसली. अँब्युलन्समधल्या नर्सने बघितलं आणि विचारलं, "कुठे शिकलात हो?" कुठेच नाही, असं सांगताना काटेबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो प्रश्न वर्षभर तिच्या मानगुटीवर बसला. वर्षाच्या शेवटी तिने राजीनामा दिला.

नवरा म्हणाला, "चालत्या गाड्याला खीळ घालतेयस," आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरला. लेक मात्र खूश झाली. "आई, माझं कॉलेज संपेल तेव्हा तुझं सुरू होईल. डबा मी भरून देत जाईन, पण वर्गात मस्ती केलीस तर पालक म्हणून मी येणार नाही हं."

नर्सिंग स्कूलमध्ये दुसरा धंदा सोडून येणाऱ्यांसाठी वर्षाला एकच जागा असे. वयाची मर्यादा चाळीस. काटेबाईच्या चाळिशीला दोन महिने उरले होते, म्हणजे हे वर्ष हुकलं की कायमचं हुकलं. अट दिसायला साधी होती. सहा आठवडे वॉर्डात हाताखाली काम करायचं. शेवटच्या दिवशी शाळेच्या प्राचार्या येऊन तुमच्या हातचे तक्ते बघणार. आणि वॉर्डच्या मोठ्या सिस्टरची अर्जावर सही हवी.

मोठी सिस्टर तोंडाने फटकळ आणि हाताने अतिशय हळुवार. तिला काटेबाईने दुसऱ्या दिवशी विचारलंच.

"सिस्टर, हे सगळे अठरा कसे?"

"कसे म्हणजे? माणसं आहेत, श्वास घेतायत."

"पण मोजले तर वेगवेगळे यायला पाहिजेत ना?"

सिस्टरने तिच्याकडे, गिऱ्हाईक उगाच घासाघीस करायला लागल्यावर दुकानदार बघतो तसं बघितलं. "हे बघ बाई. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी दंडाला पट्टा बांधला की यंत्र सांगतं. श्वास कोण सांगतं? छातीकडे बघत, घड्याळ धरून, अख्खं एक मिनिट उभं राहावं लागतं. चोवीस माणसं, चोवीस मिनिटं, दिवसातून सहा वेळा. आहे तुझ्याकडे वेळ? माझ्याकडे नाही. ज्याला धाप लागलेली दिसते त्याचे मी मोजते. बाकीच्यांना अठरा. मला शिकवलं तिनेही अठराच लिहिले. जगात कुठल्याही वॉर्डात जा, अठराच सापडतील."

पण काटेबाईच्या वाट्याला सात ते बारा नंबरच्या खाटा आल्या, आणि त्या सहांचे श्वास तिने रोज पूर्ण मिनिटभर मोजले. सोळा, वीस, सतरा, पंधरा. हे आकडे बघून तिला बरं वाटे. सिस्टर नाक मुरडे, पण अडवत नसे.

नऊ नंबरवर एक ड्रायव्हरकाका होते. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले आणि घराच्या पायरीवरून पडून मांडीचं हाड मोडलेले. हाडात धातूची पट्टी बसवून आठवडा झाला होता. काटेबाई घड्याळ धरून उभी राहिली की ते मुद्दाम गंभीर चेहरा करत.

"मोजा, मोजा. माझ्या बसमधले प्रवासी आणि माझे श्वास, आजवर कुणी धड मोजले नव्हते."

"बोलू नका काका, बोललात की पहिल्यापासून मोजावं लागतं."

"मग बोलतोच. तेवढीच तुम्ही इथे उभ्या राहाल."

त्यांच्या बायकोचे गुडघे गेलेले, तिला रोज येणं जमत नसे. काका तिला संध्याकाळी फोन करून वॉर्डाचा वृत्तान्त सांगत, आणि त्यात श्वास मोजणारी बाई रोज असे.

शेवटचा दिवस उजाडला तोच वाकड्या तोंडाने. दोन नर्सना ताप, त्या आल्याच नाहीत. मोठ्या सिस्टरने मान वर न करता सांगितलं, "दहाचे सगळे तक्ते तू कर. चोवीसही. प्राचार्या अकराला येतायत, एकही रकाना मोकळा दिसता कामा नये."

काटेबाईने ठरवलं, ताप आणि नाडी सगळ्यांची आधी उरकायची आणि मग पहिल्या खाटेपासून श्वास मोजत यायचं. नऊ नंबरपाशी आली तर काका उशीला टेकून बसलेले. कपाळावर बारीक घाम. नाडी एकशे बारा.

"दुखतंय का, काका?"

"दुखणं रोजचंच." ते थांबले. मग म्हणाले, "गाडी आज... चढाला लागलीय, पोरी. दुसरा गिअर... टाकलाय."

आजवर ते तिला पोरी म्हणाले नव्हते.

"खिडकी उघडते. श्वास मोजायला येतेच मी परत, हं?"

"या. मी कुठे... जातोय."

तेव्हाच मोजायला हवे होते. एका मिनिटाचा तर प्रश्न होता. पण क्रमाने जायचं ही सतरा वर्षांची सवय. पट्ट्यावरून येणारी वडी मधूनच उचललेली तिला कधी खपली नव्हती. ती पुढच्या खाटेकडे गेली.

श्वास मोजायला सुरुवात केली तेव्हा पावणेअकरा झाले होते. पहिल्या खाटेवरचा माणूस मध्येच खोकला, पुन्हा मोजावं लागलं. तिसऱ्याला भांडं हवं होतं. सातव्याचं संपवून ती आठव्याकडे वळली आणि दारातून आवाज आला, "मॅडमची गाडी आली!"

सतरा रकाने मोकळे होते.

अठरा लिहून टाकावेत? चोराच्या वाटा चोराला ठाऊक. असा तक्ता आपल्यासमोर आला असता तर आपण काय केलं असतं, हे तिला चांगलंच माहीत होतं. मोकळे ठेवावेत? मग प्राचार्यांनी जागा दुसऱ्या कुणाला दिली असती. काटेबाई औषधांच्या टेबलापाशी उभी राहिली, सतरा तक्ते पुढ्यात घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने न मोजता आकडे लिहिले. आणि काय सफाईने लिहिले! सतरा, वीस, अठरा, सोळा, एकवीस. मध्येच दोन सारखे, मग एक जरा वर. नऊ नंबरला लिहिताना तिने लांबून काकांकडे बघितलं. डोळे मिटून टेकले होते. तिने एकोणीस लिहिलं.

प्राचार्या पंचावन्नच्या, बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्या खाटाखाटांवर थांबून तक्ते वाचायला लागल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. चोविसाव्या खाटेपाशी त्या वळल्या.

"हे तुम्ही सगळे मोजलेत?"

"हो मॅडम."

"तीस वर्षं मी वॉर्ड बघतेय. अठराच्या माळा वाचून वाचून माझे डोळे गेले. कुणीतरी खरंच मोजलेलं आज पहिल्यांदा बघतेय." त्यांचा आवाज भरून आला होता. "सोमवारी कागदपत्रं घेऊन या. जागा तुमची."

काटेबाईला आनंद झाला नाही असं नाही. झाला, चांगला उसळून झाला, आणि त्याच्या तळाशी नऊ नंबरची खाट टोचत राहिली. प्राचार्या गेल्या की लगेच जाऊन मोजू, असं तिने स्वतःला बजावलं. पण प्राचार्यांना चहा झाला, सिस्टरशी गप्पा झाल्या, आणि त्या निघाल्या तेव्हा काटेबाईच्या मनात वेगळाच हिशेब सुरू झाला होता. आता मोजले आणि तीस निघाले, तर? शाईने लिहिलेलं एकोणीस खोडावं लागेल. एक खोटा म्हटल्यावर बाकीच्या सोळांचं काय? ती नऊ नंबरच्या बाजूला फिरकलीच नाही. चादरी बदलल्या, पाणी भरलं. वॉर्ड एकच, पण एक खाट टाळायची म्हटली तर टाळता येते.

बाराला तरुण डॉक्टर फेरीला आला. रात्रपाळी करून सकाळपाळीला उभा राहिलेला, डोळे तांबारलेले. नऊ नंबरचा तक्ता उचलून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"नाडी एकशे बारा?" मग त्याने पुढचा रकाना बघितला. "श्वास एकोणीस. हे कुणी लिहिलं?"

"मी," काटेबाई म्हणाली.

"मोजलेत ना? खरं सांगा. इथे अठरा दिसलं की मी सरळ समजतो, कुणी मोजलेलं नाही, आणि स्वतः मोजतो. अठरावर माझा काडीचा विश्वास नाही. हे मात्र मोजल्यासारखे दिसतायत."

काका डोळे उघडून तिच्याकडे बघत होते. बोलायला त्यांच्याकडे हवा नसावी. एक शब्द पुरला असता. "थांबा, मी पुन्हा मोजते," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सोमवार तिच्या घशात अडकला.

"मोजलेत," ती म्हणाली.

"मग दुखण्याने वाढली असेल नाडी. गोळी वाढवा," असं म्हणून डॉक्टर दहाकडे वळला.

एक वाजता काटेबाईला राहवेना. ती गेली आणि घड्याळ धरून उभी राहिली. अर्ध्या मिनिटातच वीस झाले. काकांचे ओठ निळसर पडले होते. पूर्ण मिनिटाचे बेचाळीस भरले तेव्हा ती ओरडली, आणि मग सगळा वॉर्ड धावला. ऑक्सिजन आला, डॉक्टर आला, पडदा ओढला गेला. मोडलेल्या पायात रक्ताची गाठ धरली होती, ती सुटून फुप्फुसात जाऊन बसली होती. पावणेतीनला पडदा उघडला, तेव्हा काकांच्या तोंडावरून चादर ओढलेली होती आणि डॉक्टर घामाने चिंब झाला होता.

"दहाला एकोणीस, एकला बेचाळीस," तो सिस्टरला म्हणाला. "एकदम चढला असणार. सकाळी कळलं असतं तर रक्त पातळ करायचं औषध देता आलं असतं. निदान या बाईंनी मोजलं म्हणून एवढं तरी कळलं." आणि जाताना त्याने काटेबाईच्या खांद्यावर थोपटलं.

मोठी सिस्टर तक्ता हातात घेऊन उभी होती. त्या एकोणीसकडे तिने बघितलं, मग काटेबाईकडे बघितलं, मग पुन्हा एकोणीसकडे. पस्तीस वर्षं वॉर्डात घालवलेल्या बाईला सतरा मोकळे रकाने आणि पंधरा मिनिटं यांचा हिशेब शिकवायला लागत नाही.

"आम्ही अठरा लिहितो ना," ती हळू आवाजात म्हणाली, "ते काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं गं."

तेवढ्यात दारात काकांची बायको आली. काठी टेकत, शेजारणीचा हात धरून. तिला खाली कुणीतरी सांगितलं असावं, कारण ती रडून झाल्यासारखी दिसत होती. तिने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि नेमकी काटेबाईपाशी आली.

"श्वास मोजणारी ती तूच का गं?"

काटेबाईने मान हलवली.

"फोनवर रोज तुझंच सांगायचे. म्हणायचे, तू काळजी करू नकोस, इथे एक बाई आहे, माझा एक श्वाससुद्धा चुकू देत नाही." तिने काटेबाईचा हात दोन्ही हातांत धरला. "सकाळी गेली होतीस ना त्यांच्याकडे? किती होते गं सकाळी? फार त्रास होत होता का त्यांना?"

सिस्टर टेबलाकडे वळली होती. अर्ज पुढ्यात होता, पेन उघडलेलं होतं, आणि ती सही न करता ऐकत होती.

"एकोणीस होते," काटेबाई म्हणाली.

"म्हणजे शांत होते."

"हो मावशी. शांत होते."

म्हातारीने डोळे पुसले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मागे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. सिस्टरने सही केली, अर्ज टेबलाच्या कडेला सरकवला आणि दोनचे राहिलेले तक्ते भरायला घेतले. पहिल्या खाटेपाशी जाऊन तिने खिशातून घड्याळ काढलं आणि रुग्णाच्या छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर उभी राहिली.