म्हातारीच्या दाराशी कोण होतं

साहित्य माणसाला घडवते, असे देवासच्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये भिंतीवर रंगवून ठेवले आहे. मुले मात्र रविवारच्या मराठी वर्गाला येतात ती पोह्यांसाठी.

वर्ग बळवंतराव घेत. सरकारी शाळेने त्यांना निवृत्त केले होते, पण त्यांनी ते फारसे मनावर घेतले नव्हते. मुलांना अक्षरे ओळखीची, भाषा परकी. म्हणून ते एक गोष्ट वाचून दाखवत. दरवर्षी तीच. एक म्हातारी शहरात गेलेल्या मुलाची वाट पाहत असते. एका दुपारी कडी वाजते. म्हातारी पिठाचे हात पदराला पुसते आणि दाराकडे जाते. इथे पान संपे. पुढचे पान पुस्तकात नव्हते. मंडळाला कोणीतरी दान दिलेले पुस्तक, जेवढे शिल्लक होते तेवढेच आले होते. बळवंतरावांनी या उणिवेची अध्यापनपद्धती केली. शेवट तुम्ही लिहा, ते मुलांना सांगत. एका शिक्षक शिबिरात या पद्धतीबद्दल त्यांना शालही मिळाली. फाटक्या पानाचा उल्लेख कोणी केला नाही.

मुलांनी म्हातारीच्या दाराशी चोर आणला, पोलीस आणला, मतं मागणारा उमेदवार आणला. गुंजन नावाच्या मुलीने कुरिअरवाला आणला. "सर, बेटे ने पार्सल भेज दिया ना, तो खुद क्यों आएगा?"

"मराठीत," बळवंतराव म्हणाले.

"पार्सल पाठवला ना, सर. मग तो कशाला येईल?"

पोहे बळवंतरावांच्या पत्नी इंदिराबाई करत, हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात. त्यामुळे गोष्ट त्यांनीही दरवर्षी ऐकली. कोण आलं होतं, असे त्या घरी विचारत. ते वाचकाने ठरवायचे असते, असे उत्तर मिळे. त्यांचा स्वतःचा मुलगा विपुल पीथमपूरला कारखान्यात होता. अमेरिकेत असता तर न येण्याला काही प्रतिष्ठा असती. पीथमपूर म्हणजे दोन बसचा रस्ता. शिफ्ट बदलली की येतो, असे तो म्हणे. शिफ्ट बदलत असे.

यंदा होळीनंतर इंदिराबाईंना दवाखान्यात ठेवले. हृदय थकले आहे, डॉक्टर म्हणाले. विपुल फोनवर म्हणाला, रविवारी नक्की. फोन ठेवून इंदिराबाई नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, त्या म्हातारीकडे कोण आलं होतं, ते तरी सांगा. वाचकाचं राहू द्या. मी वाचलेलं नाही, नुसतं ऐकलंय."

बळवंतरावांना सांगता येईना, कारण त्यांना ठाऊक नव्हते. चारपाच फोन केल्यावर कळले की धारच्या एका जुन्या वाचनालयात त्या पुस्तकाची अखंड प्रत आहे. शेजारच्या अल्पनाताईंना खाटेजवळ बसवून ते निघाले. इंदूरला बस बदलली. घाटाबिल्लोदला बस चहासाठी थांबली. पीथमपूरचा रस्ता तिथूनच फुटतो. कामगारांची एक बस त्या बाजूला वळतही होती. बळवंतराव खिडकीतून तिच्याकडे पाहत राहिले, तेव्हा कंडक्टरने विचारले, "बाबूजी, उतरोगे?"

नाही, ते म्हणाले, वाचनालय पाचला बंद होतं.

धारला पुस्तक मिळाले. त्यांनी ते पान पाहिले, पुस्तक मिटले, ग्रंथपालाचे आभार मानले. आणि परतीच्या बसमध्ये, इतकी वर्षे मुलांकडून करून घेतलेले काम पहिल्यांदा स्वतः केले.

"मुलगाच होता," त्यांनी इंदिराबाईंना सांगितले. "आला, पाया पडला. मग दोघं जेवली."

इंदिराबाईंनी उशीवरच मान हलवली.

"नाही हो. पोटचा मुलगा कडी वाजवत नाही. सरळ आत येतो."

मग म्हणाल्या, दमला असाल, अल्पनाने डबा आणलाय, दोन घास खाऊन घ्या.

रविवारी सकाळी त्या गेल्या. विपुल दुपारी आला, बोलल्याप्रमाणे रविवारीच. घराचे दार सताड उघडे होते, आत माणसे बसली होती. त्याने बेल वाजवली.

महिन्याभराने वर्ग पुन्हा सुरू झाला. पोहे आता नाक्यावरच्या दुकानातून येतात, शेव वेगळ्या पुडीत. गोष्ट तीच. गुंजनने विचारले, "सर, खरा शेवट काय आहे?" वाचकाने ठरवायचे असते, बळवंतराव म्हणाले, आणि फळा पुसायला वळले. फळ्यावर काही लिहिलेले नव्हते.

म्हातारी दाराकडे जाते तिथेच ती गोष्ट संपते. धारच्या प्रतीत पुढच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात आहे.