गाळलेलं रीडिंग

आमच्या लॅबमध्ये धाग्याची प्रत्येक चाचणी तीनदा होते. तीनपैकी एखादं रीडिंग फारच वेगळं आलं तर ते गाळता येतं, पण शेजारी कारण लिहावं लागतं : नमुना सटकला, पकड सैल होती, वीज गेली. कारण न लिहिता रीडिंग गाळायचं नाही. गलोंड्याच्या आमच्या कारखान्यात नव्यानं लागलेल्या मुलींना हा नियम पहिल्याच दिवशी मी सांगते.

गाडी घेताना मी तो मोडला.

आमची जुनी छोटी गाडी रोज खड्ड्यांतून पोट खरवडत जायची. गेल्या डिसेंबरात योगेश, माझा नवरा, म्हणाला, "आता बदलू या. कुठली ते तू ठरव. तू मोजल्याशिवाय भाजीत मीठसुद्धा टाकत नाहीस."

आमच्या बजेटमध्ये दोनच गाड्या बसत होत्या. एक उंच छपराची हॅचबॅक आणि एक लहान एसयूव्ही, तीही सगळ्यात खालच्या मॉडेलची. मी वहीत तक्ता केला. मायलेज, जमिनीपासूनची उंची, एअरबॅग, डिकी, सर्व्हिस सेंटर किती लांब. शेवटचा रकाना होता : आईंचं चढणं-उतरणं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, केसरबाई. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे झिजलेले. तीस वर्षांपूर्वी त्या चोपड्याकडून सासऱ्यांबरोबर इथे आल्या आणि पहिली अकरा वर्षं अथालच्या चाळीत राहिल्या. तिथल्या शेजारीण पुतळाबाई आता अंथरुणाला खिळल्या आहेत. डावी बाजू गेली आहे. दर मंगळवारी आणि शनिवारी आई त्यांच्याकडे जायच्या, त्यांच्या डोक्याला तेल लावून वेणी घालायच्या आणि दिवसभर दोघी जुन्या लोकांची उणीदुणी काढत बसायच्या. पुतळाबाईंची सून ममता त्यांचं सगळं करते, पण डोक्याला त्या फक्त आईंना हात लावू देतात. मी ड्युटीला जाताना वाट वाकडी करून आईंना सोडायचे आणि संध्याकाळी घेऊन यायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना रस्त्यात चक्कर आली होती. तेव्हापासून एकटीनं रिक्षानं जायचं नाही, असं योगेशनं बजावून ठेवलं होतं.

शोरूममध्ये मी आईंना घेऊन गेले. हॅचबॅकमध्ये त्या आधी बसल्या, मग पाय आत घेतले. बस, संपलं. नंतर एसयूव्ही. मी पर्समधून टेप काढली आणि बसायची उंची मोजली. हॅचबॅकपेक्षा नऊ सेंटिमीटर जास्त.

"काय वं, गाडीले मोजू राह्यली का मले?" आई म्हणाल्या. प्रसाद नावाचा सेल्समन हसला.

"दोघींना," मी म्हटलं. "चढा आता. तीनदा चढून दाखवा."

"तीनदा? लगनात बी मी इतके फेरे नी घेतले."

मी घड्याळ लावलं. पहिल्या वेळी त्या चढल्या. दुसऱ्या वेळी त्याहून लवकर. तिसऱ्या वेळी त्यांनी पाय उचलला तो पुरेसा उचलला गेला नाही. नडगी दाराच्या कडेवर आपटली. त्यांनी प्रसादचा दंड घट्ट धरला आणि क्षणभर तशाच राहिल्या, ना आत ना बाहेर.

"साडी अडकली, मॅडम," प्रसाद म्हणाला. "साइड स्टेप लावून देऊ ना आपण. मग एकदम आरामात."

साडी अडकली नव्हती. मी दोन पावलांवर उभी होते, मला दिसलं होतं. मी वहीत पहिल्या दोन वेळांचे सेकंद लिहिले, पेनाला टोपण लावलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं : ठीक.

त्याआधी अर्धा तास मी ती गाडी चालवून पाहिली होती. बारा वर्षं मी कंटेनरच्या मागच्या पाटीकडे बघत कारखान्यात जाते. त्या गाडीत बसल्यावर पहिल्यांदा मला ट्रकच्या पुढचा रस्ता दिसला. ती मला हवी होती. तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

मग सामान बसवलं. साइड स्टेप, रेक्झिनची जाड सीट कव्हरं, खाली मॅटिंग, मडफ्लॅप, रिव्हर्स कॅमेरा. प्रत्येक वस्तूला माझ्याकडे चांगलं कारण होतं. पुढचे आकडे मी नंतर मोजले, म्हणजे उशिरा. सीट कव्हरमुळे बैठक अडीच सेंटिमीटरनं वाढली होती आणि गुळगुळीतही झाली होती. साइड स्टेप दाराच्या कडेपेक्षा फक्त नऊ सेंटिमीटर खाली होती, पण चौदा सेंटिमीटर बाहेर आलेली होती. चढायला तिचा उपयोग नव्हता आणि ती ओलांडून आत जायला पाय आणखी लांब टाकावा लागायचा. तिच्यामुळे गाडी दिसायची मात्र छान.

जानेवारीत आई चार वेळा त्या गाडीतून अथालला गेल्या. चारही वेळा मी स्टिअरिंगवर बसलेली असायचे. मागचं दार लागल्याचा आवाज आला की गाडी सुरू करायचे. पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, "आता मले जायाचं काम नी. पुतळाबाईची लेक आली सुरतहून. तीच करते सारं."

मी "बरं" म्हटलं. सकाळची वीस मिनिटं वाचली म्हणून मला बरंही वाटलं. हे इथे लिहिलंच पाहिजे.

तीन आठवड्यांनी लॅबमध्ये असताना ममताच्या नंबरवरून फोन आला. बोलत होत्या पुतळाबाई.

"धनश्री, केसरले काय झालं? मेली का काय ती?"

"नाही हो, बऱ्या आहेत."

"मंग येत काहून नी? माह्या डोक्यात पाखरं अंडे घालतीन आता."

"पण तुमची लेक आलीये ना सुरतहून?"

"कोन लेक?" त्या म्हणाल्या. "मले लेकच नी. दोन पोट्टे हायेत, दोन्ही बिनकामाचे."

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होत्या. मी हातही न धुता समोर बसले.

"आई, अथालला का जात नाही तुम्ही?"

"सांगितलं ना, तिची लेक..."

"त्यांना लेक नाही."

त्यांनी एक काडी मोडली, मग उगाच आणखी एक. "तिनं बी फोन कशाले केला," त्या पुटपुटल्या.

"पाय दाखवा."

"काही नी झालं पायाले."

मीच साडी घोट्याच्या वर सरकवली. नडगीवर दोन डाग होते, एक जवळजवळ गेलेला आणि एक अजून काळपट. दोन्ही आडवे, एकाच उंचीवर. टेप लावायची गरज नव्हती. ती साइड स्टेपची कड होती.

"शोरूममध्ये तिसऱ्या वेळी तुमचा पाय आपटला होता," मी म्हटलं. "मी पाहिलं होतं. मी ते लिहिलं नाही."

"मले ठाऊक हाये."

"काय ठाऊक आहे?"

"तू पेन बंद केला ते. माहे गुडघे गेले, डोये नी गेले." त्यांनी मेथीची जुडी पुढे ओढली. "पह्यल्या दोन टायमाले मी जीव खाऊन चढली. तुह्या तोंडावर दिसे ना, तुले कोनती पाह्यजे ते. म्हटलं, बारा सालांत पोरीनं घरात सोतासाठी काही मागितलं नी. तिसऱ्या टायमाले दमच नी राह्यला."

मी ठेवलेली दोन्ही रीडिंग खोटी होती. गाळलेलं तेवढं खरं होतं.

"योगेशले सांगू नको," त्या म्हणाल्या. "घेतली ते घेतली. मी का आता रोज उंडारनार हाये?"

त्यांनी रागावायला हवं होतं. रागावल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

योगेशला मी रात्री जेवताना सांगितलं. त्यानं आधी आईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे एवढं मोजून चुकलीस?"

"चुकले नाही. बरोबर मोजलं आणि लपवलं."

तो ताटातला भात चिवडत राहिला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "एक ठोकळा करून देतो लाकडाचा. चढायला."

शनिवारी सकाळी त्यानं केलेला ठोकळा आम्ही गाडीच्या दाराशी ठेवला. आमच्या कॉलनीचा रस्ता उताराचा आहे. आईंनी पाय ठेवताच ठोकळा डुगडुगला. त्यांनी दाराचं हँडल पकडलं, ओठ दाबले आणि दुसरा पाय उचलायला लागल्या. तो चेहरा आता मला ओळखता येत होता.

"उतरा," मी म्हटलं.

"चढते ना मी."

"उतरा, आई. मी रिक्षा बोलावते. मीही येते."

"अन् ही गाडी?"

"राहू दे इथेच."

रिक्षात त्या एका पावलात बसल्या. वाटेत प्रत्येक खड्ड्याला आमचे खांदे एकमेकांवर आपटत होते. आई बाहेर बघत होत्या.

पुतळाबाई खाटेवर होत्या. आईंना पाहून त्यांनी आधी पोटभर शिव्या दिल्या, मग चांगला हात पुढे केला. आईंनी तो थोडा वेळ धरला आणि उशाशी बसून त्यांचे केस सोडवायला घेतले. केसांच्या खरंच गाठी झाल्या होत्या.

"नवी गाडी दाखव ना मले," पुतळाबाई मला म्हणाल्या. "खिडकीतून दिसंल का? कुठी लावली?"

"सर्व्हिसिंगले दिली," आई पटकन म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं. पेनाला टोपण लावण्याइतकंच सोपं होतं.

"सर्व्हिसिंगला नाही दिली," मी म्हटलं. "घरी आहे. आईंना तिच्यात चढता येत नाही. मला ते आधीच दिसलं होतं, तरी मी तीच घेतली. म्हणून त्या येत नव्हत्या."

कंगवा थांबला. पुतळाबाईंनी मान वळवायचा प्रयत्न केला. ती वळली नाही, म्हणून त्या छताकडे बघतच बोलल्या.

"तीन हप्ते मी दाराकडे पाहू राह्यली. वाटलं, केसरले माहा कंटाळा आला."

मी दारातच उभी राहिले.

"मंग फिर तू त्या गाडीत एकटीच," त्या म्हणाल्या. "महारानीवानी."

कोणी हसलं नाही. "गप पडून राह्य," आई म्हणाल्या. "मान हलू देऊ नको." कंगवा पुन्हा सुरू झाला. एक गाठ सुटली, पुतळाबाई कळवळल्या.

"मंगळवारी येशील का, केसर?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मंगळवारी माझी सकाळची ड्युटी होती.

"येऊ," मी म्हटलं. "दोघी येऊ. मी शिफ्ट बदलून घेते."

पुतळाबाई छताकडे बघतच म्हणाल्या, "दारात उभी काय राह्यली? तेलाची वाटी धर. तुह्या सासूले दोनच हात हायेत."

मी आत गेले आणि वाटी धरली.