साक्षीला कोण?

मॅडमनी डस्टर उचललं आणि बेकरीवाल्याचं वाक्य फळ्यावरून पुसून टाकलं.

"अहो मॅडम, खरंच पळालो होतो मी!" बेकरीवाला कळवळून म्हणाला. "बागेभोवती. भरभर."

"साक्षीदार?"

बेकरीवाल्यानं वर्गभर नजर फिरवली. कुणी मान वर करेना. एवढा देह बागेभोवती भरभर पळाला असता तर आजूबाजूला चर्चा झाली असती, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"खाली बसा," मॅडम म्हणाल्या. "खोटं बोलायचं असेल तर मराठीत बोला. त्यात तुमचा हात बसलेला आहे."

इंग्रजीच्या या संध्याकाळच्या वर्गाचा नियम पहिल्यापासून एकच होता. प्रत्येकानं उभं राहायचं आणि काल आपण काय केलं, कसं केलं, कुठं केलं ते एका वाक्यात सांगायचं. पण सांगायचं ते खरं. शंका आली की मॅडम साक्षीदार मागायच्या, आणि साक्षीदार नसला की वाक्य पुसलं जायचं. परिणाम असा झाला, की माणसं वाक्यासाठी कामं करू लागली. "आय क्लाइम्ब्ड स्लोली अप द स्टेअर्स" म्हणता यावं म्हणून लिफ्टमनकाका जन्मात पहिल्यांदा आपल्या इमारतीचे सगळे जिने चढले आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून आले. बेकरीवाल्याची बायको तर या वर्गाला दुवा देत होती. त्यानं एकदा चक्क स्वयंपाकघरात शिरून आनंदानं भांडी घासली होती. त्या वाक्याला साक्षीदार म्हणून ती स्वतः वर्गात आली होती, आणि पुन्हापुन्हा सांगत होती.

या सगळ्यात कोरडे राहिले ते एकटे चष्मेवाले. चौकात चष्म्यांचं दुकान, वय पन्नाशीच्या पुढं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी एक थोरली बहीण. दुकान बंद केल्यावर भाऊ घरात भिंतीकडे बघत बसतो म्हणून तिनंच त्यांना वर्गात ढकललं होतं. त्यांचं वाक्य ठरलेलं असे. "आय सॅट क्वाएटली इन द शॉप." दुकानात शांतपणे बसलो होतो. खरं होतं, त्यामुळे कुणी पुसूही शकत नव्हतं.

"चष्मेवाले, कधीतरी उभे राहत असाल की हो!" मॅडम एकदा वैतागून म्हणाल्या होत्या.

राहत होते ना. चांगले तासभर उभे राहत होते, पण टेलरबाईंच्या काउंटरपाशी, आणि ते चारचौघांत सांगायचं कसं?

टेलरबाईंचं दुकान मागच्या गल्लीत. शेजारी हॉटेल झालं तसे तिथले परदेशी पाहुणे कोटाची बटणं लावून घ्यायला येऊ लागले, म्हणून त्या इंग्रजी शिकायला आल्या होत्या. त्यांचेही यजमान फार पूर्वी गेले, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. वर्गात त्या मागच्या बाकावर बसत, आणि त्या हसल्या की पुढच्या बाकावर चष्मेवाल्यांचे कान गरम होत. वर्ग सुटला की दोघं कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत. तो कोपरा इतका जवळ का, असं चष्मेवाल्यांना रोज वाटे. सरळच सांगायचं तर टेलरबाई त्यांना फार आवडत होत्या, आणि ही गोष्ट सगळ्या वर्गाला ठाऊक होती. फक्त ती आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं चष्मेवाल्यांना वाटत होतं.

काल ते मनाचा हिय्या करून गेले होते. आज विचारायचंच! हातात निमित्त म्हणून एक पँट होती.

"ही जरा आखूड करायची होती."

टेलरबाईंनी पँट उलगडून बघितली. "ही गेल्याच आठवड्यात केली की हो आखूड."

"अजून जरा."

"अजून केली तर पोहायला घालावी लागेल."

त्या हसल्या. मग टेप गळ्यात टाकून, दोन्ही हात काउंटरवर ठेवून, नुसत्या उभ्या राहिल्या. घाई अशी काही नव्हतीच त्यांना. आणि चष्मेवाल्यांच्या तोंडात मिठाची गुळणी! सगळं मनात तयार होतं, ओठांपर्यंत आलंही होतं. शेवटी तोंडातून निघालं ते, "पाऊण इंच करा." तेवढं बोलून ते घरी आले.

बहिणीनं कपाळाला हात लावला. "अरे, बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही. निम्म्या पँटी घोट्याच्या वर गेल्या तुझ्या. आता काय, शर्टाच्या बाह्या कापून घेणार?"

आज वर्गाचा शेवटचा दिवस होता. मॅडम हजेरीवरून पुढचं नाव शोधत होत्या, तेवढ्यात लिफ्टमनकाका मागं वळले.

"टेलरबाई, पुढच्या वर्गाला आहात ना?"

"कुणास ठाऊक. परवा मुलगी टेम्पो घेऊन येते म्हणतेय. दुकान आवर म्हणाली, माझ्याकडे चल. एकटी किती दिवस मशीन चालवणार तू?"

"मग, जाणार?"

"आज फोन करून काय ते सांगायचंय तिला. जावंसं नाही वाटत. पण 'नाही येत' म्हणायला काही कारण नको का माणसाकडे?"

त्या बोलत होत्या लिफ्टमनकाकांशी. आवाज मात्र पहिल्या बाकापर्यंत नीट पोचेल असा होता.

चष्मेवाल्यांनी मनात हिशेब केला. परवा ते मागच्या गल्लीत जातील आणि दुकानाचं शटर खाली असेल. काउंटर नाही, टेप नाही, कोपऱ्यापर्यंत चालणं नाही. मग दुकानात शांतपणे बसायचं, ते कायमचंच.

"चष्मेवाले, तुमचं," मॅडम म्हणाल्या आणि चष्मेवाल्यांनी तोंड उघडायच्या आधीच फळ्यावर लिहू लागल्या. "आय सॅट क्वाएटली..."

"नाही, नाही मॅडम. आज वेगळं आहे."

मॅडमचा खडू थांबला. चष्मेवाले उभे राहिले. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली.

"येस्टरडे आय आस्क्ड अ लेडी."

"कसं?"

"प्रॉपरली."

"कुठं?"

"इन हर शॉप."

"पण काय विचारलंत?"

"फॉर मॅरेज," चष्मेवाले म्हणाले.

मॅडमनी सगळं फळ्यावर लिहिलं. काल मी एका बाईंना, रीतसर, त्यांच्या दुकानात, लग्नाचं विचारलं. वर्गात इतकी शांतता पसरली, की बेकरीवाल्याच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. चष्मेवाले त्या वाक्याकडे बघत राहिले. धडधडीत खोटं! एका पाऊण इंचाखेरीज काल त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. कोंडून ठेवलेलं बाहेर पडलं ते असं, सगळ्यांसमोर, कालच्या नावावर. आता ते पुसलं जाणार, आणि उद्यापासून मागच्या गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

"साक्षीदार?" मॅडमनी विचारलं.

लिफ्टमनकाका छताकडे बघू लागले. बेकरीवाल्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मैत्रीखातर तो कशालाही साक्ष द्यायला तयार होता, पण त्याची पत काही मिनिटांपूर्वीच गेली होती. मॅडमनी डस्टर उचललं. या वेळी मात्र त्यांना ते जड वाटत असावं.

"थांबा मॅडम. मी आहे साक्षीला."

आवाज मागच्या बाकावरून आला. टेलरबाई उभ्या राहिल्या होत्या.

"मी तिथंच होते," त्या म्हणाल्या. "खरं आहे ते."

चष्मेवाल्यांना मागं वळून बघायचं धैर्य झालं नाही. मॅडमनी डस्टर हातातच ठेवून विचारलं, "रीतसर विचारलं त्यांनी?"

"तसं ततपप झालं थोडं. पण विचारलं. ऐकणारीला कळलं."

बेकरीवाल्यानं बाकावर थाप मारली. मॅडमनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण त्यांनाच हसू आवरत नव्हतं. "बरं. लिफ्टमनकाका, आता तुमचं वाक्य."

"माझं चुलीत गेलं, मॅडम," लिफ्टमनकाका म्हणाले. "आधी टेलरबाईंचं घ्या."

टेलरबाई उभ्याच होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि घसा साफ केला.

"येस्टरडे द लेडी सेड यस."

"कसं?"

"ग्लॅडली."

"कुठून?"

"फ्रॉम बिहाइंड द मशीन." मशीनच्या मागून, खुशीनं, हो म्हणाल्या होत्या काल त्या बाई.

मॅडमनी तेही लिहिलं, पहिल्या वाक्याच्या अगदी खाली. मग वळल्या. नियम म्हणजे नियम.

"साक्षीदार?"

आता मात्र चष्मेवाले वळले. मागच्या बाकाकडे तोंड भरून हसत त्यांनी बघितलं, आणि शाळकरी पोरासारखा हात वर केला.

"मी, मॅडम," ते म्हणाले. "मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं."