ऑर्विलला न सांगितलेलं

पालो आल्टोत एका गॅरेजवरच्या दोन खोल्यांत कोरीन आणि तिच्या पाच सोबत्यांनी एक अ‍ॅप उभं केलं होतं. फोनवर पलीकडचा माणूस बोलला की त्याचे शब्द पडद्यावर उमटायचे. पहिलं गिऱ्हाईक ऑर्विल, बहिरा झालेला निवृत्त बसड्रायव्हर. काही चुकलं की तो स्वतः येऊन थडकायचा. "तुझ्या यंत्रानं काल माझ्या लेकीला सूपऐवजी साप खायला घातला!" लेक डीना अलास्कात होती. अकरा वर्षांनी तो तिच्याशी फोनवर बोलू लागला होता.

मग एका बड्या कंपनीनं कोरीनची कंपनी विकत घेतली. सह्यांच्या आदल्या दिवशी त्यांच्या माणसानं आडपडदा ठेवला नाही. "अ‍ॅप आम्हाला नकोय, तुम्ही सहाजण हवे आहात. जूनमध्ये ते बंद करू. तोवर बाहेर बोलायचं नाही."

कोरीननं सही केली.

कंपनी विकल्याच्या पार्टीला ऑर्विल इस्त्रीचा शर्ट घालून आला. "आता जगभर जाणार तू, पोरी! पण आपलं यंत्र बंद तर नाही ना पडायचं?"

तो तिच्या ओठांकडे बघत होता.

"छे हो! उलट आणखी सुधारेल," ती म्हणाली. त्याला नीट कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

जूनमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांना अ‍ॅप बंद होत असल्याचं पत्र गेलं. खाली तिचंच नाव, आभारांसकट. तिसऱ्या दिवशी ती ऑर्विलच्या दारात उभी राहिली.

"तुला केव्हा कळलं?" त्यानं विचारलं.

'गेल्या आठवड्यात' हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण तो पुन्हा ओठांकडेच बघत होता.

"सही करायच्या आधी."

"तेव्हाच सांगायचंस गं. मी आपला रविवारचा रविवार फोन करत होतो. रोज केला असता."

तिला वाटलं, आता दार आपटेल. त्यानं विचारलं, "कॉफी घेतेस?"

तिनं घेतली.

करारानुसार ती दोन वर्षं त्या कंपनीत राहिली. ऑर्विलचे दोनदा निरोप आले, दोन्ही साधेच, खुशाली विचारणारे. तिनं उत्तर दिलं नाही. शिव्या घातल्या असत्या, तर दिलं असतं.