फाटकावर आडवी गाडी

बाहत्तर साली हसिनाला रेल्वेच्या एका अभ्यासात हंगामी नोकरी लागली. पुण्याहून गणितात एम. एस्सी. झालेली ही मुलगी लोणावळ्याच्या यार्डात मालगाड्या का खोळंबतात, याची समीकरणं मांडत होती. घाट उतरण्याआधी प्रत्येक मालगाडीचे ब्रेक तिथं तपासत. एकीचं काम चालू असताना मागच्या गाड्या आत येऊन बसत आणि यार्ड तुंबे. हसिनाचं उत्तर मात्र चमत्कारिक आलं. मागची गाडी आत येऊच द्यायची नाही, अलीकडच्या सिग्नलला धरून ठेवायची. म्हणजे सगळ्याच लवकर सुटतील.

"थांबवली की लवकर जाते?" साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं. तिलाही पटत नव्हतं, पण आकडेमोड तेच सांगत होती.

चाचणीच्या दिवशी यार्ड खरंच मोकळं राहिलं. साहेबांनी चहा मागवला. हसिना खुशीत यार्डाअलीकडच्या, औंढे गावाच्या वाटेवरच्या फाटकाकडं गेली. तिचे वडील नूरमहंमद तिथं गेटमन होते.

ते ओट्यावर बसले होते. कोपर सोललेलं. शेजारी भाजीवाली सारजाबाई, तिची पाटी पालथी पडलेली.

"काय झालं, अब्बा?"

"शिग्नलला धरल्याली गाडी फाटकावर आडवी हुबी ऱ्हायली. लोकं कटाळली, डब्याखालनं जाया लागली. मी वरडत हुतो. सारजाबाई खाली असतानाच गाडीनं हिसका दिला. वडून काडली तिला."

हसिनाच्या समीकरणांत सिग्नल होते, ब्रेक होते. फाटक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना सगळं सांगितलं आणि गाडी फाटकाच्या पुष्कळ अलीकडं थांबवायची, असं धरून नव्यानं गणित केलं. पण तितक्या लांबून यार्डात पोचण्यातच वाचलेला वेळ निघून जात होता.

"मग एवढं केलं कशाला?" साहेब म्हणाले.

चाचणी बंद झाली आणि यार्ड पुन्हा तुंबू लागलं.

काही दिवसांनी फाटक लागलं होतं आणि सारजाबाई पाटी घेऊन उभी होती. हसिनाला पाहून ती कुरकुरली, "किती येळ झाला, गाडीचा पत्त्या न्हाई. त्या दिशी हुबी हुती ती बरी. कुटं हाय ते दिसत तरी हुतं."

"मावशी, तुम्ही मरता मरता वाचलात."

"व्हय की. पर हितं बी हुबंच ऱ्हायचं का?"

हसिना वडिलांजवळ गेली. "अब्बा, हिला काय सांगू?"

"मला ठावं असतं तर मीच सांगितलं असतं," नूरमहंमद म्हणाले आणि हिरवा बावटा घेऊन रुळांकडं गेले.