छातीत चार इंच मोकळं

समुपदेशक बाईंकडे पहिल्यांदा जाताना मास्तरांनी काळा कोट चढवला, आत जाकीट, गळ्याला टाय. शिंप्यानं चारचौघांत अजागळ दिसायचं म्हणजे दुकानाची अब्रू घालवायची, हे त्यांचं ठाम मत. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं मात्र चुरगळलेल्या टी-शर्टांत होती आणि एकजण तर चक्क झोपायच्या पायजम्यात. त्या पायजम्याची शिवण पाहून मास्तरांनी डोळेच मिटून घेतले.

खरं तर ते आले होते लेकीच्या धाकानं. बायको गेल्यापासून आठ महिने मास्तरांनी कापडाला कात्री लावली नव्हती. दुकान उघडायचे, गठ्ठ्यांवरची धूळ झटकायचे, गिऱ्हाईक आलं की 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून वाटेला लावायचे. शेवटी लेकीनं निक्षून सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत काम सुरू झालं नाही तर दुकान बंद करायचं आणि बाबांनी तिच्याकडे राहायला यायचं. दुकान गेलं तर आपण जुन्या खुर्चीसारखे कोपऱ्यात पडून राहू, अशी मास्तरांना धास्ती होती.

बाईंनी पुष्कळ विचारलं. मास्तरांची उत्तरं ठरलेली: छान, उत्तम, काही तक्रार नाही. दुसऱ्या खेपेला करडा कोट आणि तीच उत्तरं. निघताना बाई हसून म्हणाल्या, "मास्तर, पुढच्या वेळी जरा मोकळे व्हा."

आता ज्या माणसानं चाळीस वर्षं 'खांद्यात जरा मोकळं', 'पोटावर जरा मोकळं' एवढंच ऐकलं, त्याला याचा दुसरा अर्थ कुठून सुचणार? आपला कोट बाईंना घट्ट वाटला, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. घरी कपाट धुंडाळलं, तर एकूण एक कपडा अंगाबरोबर. मग तिरीमिरीत निळं सुती कापड टेबलावर पसरलं, खडूनं आखलं, छातीत चार इंच जादा धरले आणि करकर कात्री चालवली. आपण कात्री चालवतोय, हे रागाच्या भरात त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या भेटीला मास्तर तो ढगळ शर्ट घालून गेले, पुढची पट्टी एका हातानं धरून. घ्या मोकळा, म्हणून गुरगुरले. बाईंना आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी आपलं म्हणणं समजावून सांगितलं. मास्तरही ओशाळून हसायला लागले, तसा हात सुटला आणि शर्ट पुढून उघडा पडला.

"बटणं राहिली का लावायची?" बाईंनी विचारलं.

"बटणं आहेत. काजं नाहीत." मास्तरांनी पुन्हा पट्टी चिमटीत धरली. "काजं ती करायची. मला सरळ येतच नाहीत."

आणि ते रडले. आठ महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. बायकोची बडबड, तिचे टोमणे, तिच्या रिकाम्या स्टुलाकडे पाठ करून बसणं, सगळंच त्यांनी सांगितलं.

खाली लेक वाट पाहत होती. बाईंनी टाचण्या लावून दिलेला शर्ट आणि सुजलेले डोळे पाहून ती घाबरलीच.

"दुकान चालूच राहू दे," मास्तर म्हणाले. "आईनं तुला काजं करायला शिकवलं होतं ना? मला शिकव."

बाबांची कॉलर नीट करत लेक म्हणाली, "शिकवते. पण वाकडं झालं, तर आईसारखी ओरडेन."

"ओरड की," मास्तर म्हणाले. "दुकानात फार शांत शांत झालंय."